दोन इलेक्ट्रॉनांत काहीच फरक नसतो, म्हणजे नेमकं काय?

खडूफळा

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रॉनचा धडा बारावीपर्यंत दोन-तीनदा तरी येतो. दर वेळी वस्तुमान, प्रभार आणि शोधकाचं नाव पाठ होतं आणि पान उलटलं जातं. मी बरीच वर्षं हेच शिकवत आलो आहे, आणि या धड्यातली सर्वांत मोठी गोष्ट मुलांपर्यंत पोचत नाही याची मला खंत वाटते. ती गोष्ट अशी की विश्वातले सगळे इलेक्ट्रॉन तंतोतंत एकसारखे आहेत. त्याबद्दल बोलावं म्हणून हा धागा.

आधी आकडे उरकून घेतो. वस्तुमान ९.१०९ गुणिले १० चा उणे ३१ वा घात किलोग्रॅम, म्हणजे दशांश चिन्हानंतर ३० शून्यं आणि मग ९. प्रोटॉन त्याच्या १८३६ पट जड. प्रभार ऋण, १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९ वा घात कूलोम. २० मे २०१९ पासून हा आकडा पक्का ठरवून टाकला आहे आणि अँपिअरची व्याख्याच त्याच्यावर बेतली आहे. तिसरा गुण स्पिन, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूला असतो तसा पण अंगभूत कोनीय संवेग, एक द्वितीयांश. आकाराचं म्हणाल तर, कितीही जोराच्या टकरी घडवल्या तरी इलेक्ट्रॉनच्या आत आणखी काही असल्याची खूण आजवर मिळालेली नाही. आकार असलाच तर तो प्रोटॉनच्या सुमारे हजाराव्या भागाहूनही लहान असला पाहिजे. आणि तो मोडत नाही. प्रभार असलेल्या कणांत तो सर्वांत हलका, त्यामुळे प्रभार कायम राखून त्याने मोडून व्हायचं काय, हाच प्रश्न आहे.

आता मुद्दा. १८९७ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन ऋणकिरणांचा, म्हणजे विरळ वायूच्या नळीत ऋण इलेक्ट्रोडमधून निघणाऱ्या किरणांचा, अभ्यास करत होते. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांत किरण किती वळतो यावरून त्यांनी प्रभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर काढलं. ते हायड्रोजनच्या आयनाच्या हजाराहून जास्त पट आलं, म्हणजे कण फारच हलका होता. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं. त्यांनी नळीतला वायू बदलून पाहिला, इलेक्ट्रोडचा धातू बदलून पाहिला, आणि गुणोत्तर तेच राहिलं. ॲल्युमिनियममधून निघालेला कण आणि प्लॅटिनममधून निघालेला कण यांत फरक नव्हता. इलेक्ट्रॉन सापडला तो मुळात या एकसारखेपणामुळे. नाहीतर प्रत्येक धातूचा आपापला किरण, एवढंच म्हणता आलं असतं.

तरी तुम्ही म्हणाल, एकसारखे तर कारखान्यातले खिळेही असतात. तसं नाही. दोन खिळ्यांवर खूण करता येते, एकाला इकडचा आणि दुसऱ्याला तिकडचा म्हणून ओळखता येतं. इलेक्ट्रॉनवर खूण करायला जागाच नाही. वस्तुमान, प्रभार आणि स्पिन सांगितलं की त्याची सगळी ओळख संपली. त्यामुळे दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली तर निसर्गात काहीही बदलत नाही. कुठल्याही प्रयोगाच्या निकालाची शक्यता अदलाबदलीनंतर तीच राहिली पाहिजे.

पुंजभौतिकीत (क्वांटम भौतिकीत) ही शक्यता तरंगफलनाच्या, म्हणजे कणांच्या अवस्थेचं वर्णन करणाऱ्या गणिती फलनाच्या, वर्गावरून मिळते. वर्ग तसाच राहायचा, तर फलन स्वतः एक तर तसंच राहील किंवा त्याचं चिन्ह उलटेल. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत ते उलटतं. आता समजा दोन्ही इलेक्ट्रॉन अगदी एकाच अवस्थेत ठेवले. अदलाबदल केल्यावर मांडणी होती तीच राहिली, पण नियम म्हणतो चिन्ह उलटलं पाहिजे. जी संख्या स्वतःच्याच उणे संख्येइतकी असते, ती शून्य. म्हणजे अशी मांडणी घडण्याची शक्यता शून्य!

वोल्फगांग पाउली यांनी हा नियम १९२५ साली मांडला: एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन. हेलियमचे दोन इलेक्ट्रॉन तळाच्या पातळीवर स्पिन उलटसुलट ठेवून मावतात. लिथियमच्या तिसऱ्याला वर जावं लागतं, तिथे तो सैल असतो, म्हणून हेलियम कुणाशी संयोग पावत नाही आणि लिथियम पाण्याशी लगेच अभिक्रिया करतो. अख्खी आवर्तसारणी अशीच उभी राहते. हा नियम नसता तर सगळे इलेक्ट्रॉन तळाशी गोळा झाले असते आणि कार्बनचे चार बंधही नसते, आपणही नसतो.

शंका विचारा, दुरुस्त्या सुचवा. कुणी प्रयोगशाळेत काम करत असेल तर त्यांनी जरूर लिहावं.

निर्मळवारा

सर, चिन्ह उलटण्याचा भाग दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच कळला. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक असेल. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉन स्वतःभोवती भोवऱ्यासारखा फिरतो असं शाळेत ऐकलं होतं. पण त्याला आकारच नसेल तर फिरणार काय?

खडूफळा

निर्मळवाराताई, प्रश्न प्राथमिक नाही. १९२५ साली हॉलंडमध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी स्पिनची कल्पना मांडली, तेव्हा लॉरेंट्झसारख्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाने हाच आक्षेप घेतला होता. इलेक्ट्रॉन म्हणजे फिरता गोळा मानला, तर तेवढं स्पिन यायला त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा कितीतरी वेगाने फिरावा लागेल. दोघे निबंध मागे घ्यायला गेले, पण त्यांचे गुरू एरेनफेस्ट यांनी तो आधीच पाठवून दिला होता. बरं झालं!

काहीही फिरत नाही. कोनीय संवेग हा इलेक्ट्रॉनच्या ठिकाणी प्रभारासारखाच अंगभूत आहे. त्याची वागणूकही गोळ्यासारखी नाही. गोळ्याचा अक्ष तिरका असेल तर वेगवेगळ्या दिशांनी मोजताना वेगवेगळी मापं येतील. इलेक्ट्रॉनचं स्पिन कुठल्याही दिशेने मोजा, उत्तरं दोनच: त्या दिशेला किंवा बरोबर उलट. १९२२ साली फ्रँकफुर्टमध्ये स्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला, तेव्हा पट्टीवर सलग डाग न उमटता त्याचे दोन भाग झाले. चांदीच्या ४७ इलेक्ट्रॉनांपैकी ४६ एकमेकांचा परिणाम खोडून टाकतात. दिसला तो एकट्या उरलेल्याचा परिणाम. मात्र त्या वेळी स्पिनची कल्पनाच नव्हती, त्यामुळे हे दोन भाग स्पिनचे आहेत हे नंतर उमगलं.

आकाशदर्शी

स्पिनचा विषय निघालाच आहे तर आपल्या नारायणगावजवळच्या खोडदचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. तिथली जीएमआरटी दुर्बीण, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. हायड्रोजनच्या अणूत एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन. दोघांचे स्पिन एकाच दिशेला असले तर ऊर्जा किंचित जास्त, उलट असले तर किंचित कमी. इलेक्ट्रॉनचं स्पिन उलटलं की तेवढ्या फरकाची रेडिओलहर बाहेर पडते: २१ सेंटीमीटर लांबीची, १४२० मेगाहर्ट्झची. एकटा अणू सोडून दिला तर हे घडायला सरासरी सुमारे १ कोटी १० लाख वर्षं लागतात. पण दीर्घिकांमध्ये हायड्रोजन इतका अफाट असतो की कुठे ना कुठे स्पिन सतत उलटत असतात.

जानेवारी २०२३ मध्ये जीएमआरटीच्या निरीक्षणांतून अशीच लहर एका फार दूरच्या दीर्घिकेतून आल्याचं जाहीर झालं. तिथून निघताना ती १४२० मेगाहर्ट्झची होती. विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन आपल्यापर्यंत पोचली तेव्हा ६२० च्या आसपास होती. ही लहर निघाली तेव्हा पृथ्वी जन्मायची होती.

खडूफळा सरांच्या मुद्द्याशी याचा थेट संबंध आहे. त्या दीर्घिकेतला इलेक्ट्रॉन इथल्यापेक्षा जरा जरी वेगळा असता, तर लहर ओळखायची कशी? तिथलाही हायड्रोजन १४२० वरच बोलतो असं गृहीत धरलं म्हणूनच अंतर काढता येतं. आणि दृश्य प्रकाशातल्या रेषांवरून काढलेलं अंतर त्याच्याशी जुळतं.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदचं केंद्र लोकांसाठी खुलं ठेवतात. मुलांना घेऊन जरूर जा.

तारमास्तर

मी वायरिंगची कामं घेतो. गिऱ्हाईक हमखास विचारतं, बटण दाबल्याबरोबर दिवा लागतो म्हणजे इलेक्ट्रॉन किती जोरात धावत असतील. मी ऐकलंय की ते खरं तर अगदी हळू सरकतात. नक्की किती? समजा २.५ स्क्वेअरची तांब्याची वायर, त्यावर दोन किलोवॅटचा गीझर.

कातळशिल्प

तारमास्तर, हा हिशोब करायला मला फार आवडतो.

२३० व्होल्टला दोन किलोवॅट म्हणजे सुमारे ९ अँपिअर. एका अँपिअरला दर सेकंदाला ६.२४ गुणिले १० चा १८ वा घात इतके इलेक्ट्रॉन, त्याच्या नऊ पट. ऐकायला प्रचंड, पण तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन त्याहून प्रचंड आहेत: एका घनमीटरमध्ये ८.५ गुणिले १० चा २८ वा घात. भागाकार केला की सरकण्याचा वेग येतो सेकंदाला सुमारे पाव मिलिमीटर. डीसी असता तर एक इलेक्ट्रॉन तासाभरात जेमतेम एक मीटर गेला असता. आपल्या घरात एसी, सेकंदाला ५० आवर्तनं. त्यामुळे तो जागच्या जागी पुढे-मागे होतो, आणि ते अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट. मीटरपासून गीझरपर्यंतचा प्रवास कुठलाच इलेक्ट्रॉन करत नाही.

मग गीझर तापतो कसा? वायरीत इलेक्ट्रॉन आधीपासून सगळीकडे आहेतच. बटण दाबलं की विद्युत क्षेत्र वायरीच्या कडेने प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त वेगाने पसरतं आणि सगळीकडचे इलेक्ट्रॉन जवळपास एकदम हलायला लागतात. ऊर्जा त्या क्षेत्रातून येते. बिल त्या ऊर्जेचं, इलेक्ट्रॉन मात्र तुमच्याच वायरीतले.

पण "हळू" या शब्दावर थांबू नका. त्याच तांब्यात जास्तीत जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १५७० किलोमीटर वेगाने सर्व दिशांना पळत असतात, वीज बंद असली तरी. सगळ्या दिशांना सारखेच, म्हणून एकूण प्रवाह शून्य. हा वेग उष्णतेने येत नाही, तांबं निरपेक्ष शून्याजवळ थंड केलं तरी तो असतोच. कारण पुन्हा पाउलीचा नियम. खालच्या सगळ्या अवस्था भरल्या की उरलेल्यांना वरच्याच घ्याव्या लागतात, आणि वरची अवस्था म्हणजे जास्त वेग.

तारमास्तर

वा! पाव मिलिमीटर ऐकून गिऱ्हाईक चाट पडणार. शेतातली पाइपलाइन आधीच भरलेली असली की पंप चालू करताच दुसऱ्या टोकाला पाणी पडतं, तसं सांगितलं तर चालेल ना? आणि वायर गरम होते ती कशामुळे, इलेक्ट्रॉन एकमेकांवर आपटून?

कातळशिल्प

पाइपलाइनचं उदाहरण चालेल, सुरुवातीला तेच सांगा. गरम होण्याचं मुख्य कारण एकमेकांवर आपटणं नाही. तांब्याचे अणू आपापल्या जागी थरथरत असतात. ती थरथर आणि तांब्यातली अशुद्धी इलेक्ट्रॉनांची वाट मोडते. क्षेत्राकडून मिळालेली जादा ऊर्जा ते तिथे टाकतात आणि थरथर वाढते. वायर तापली की रोध वाढतो तोही म्हणूनच. जॉइंट सैल असला की आधी तिथेच का जळतं, हे तुम्हाला सांगायला नको.

बारावी_ब

सर, आमच्या पुस्तकात आहे की रदरफोर्डच्या अणूच्या प्रतिकृतीत केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून केंद्रकात कोसळायला हवा, आणि बोरने सांगितलं की ठरावीक कक्षांत तो ऊर्जा उत्सर्जित करत नाही. पण का करत नाही, हे कुठेच दिलेलं नाही. परीक्षेसाठी नको, मला स्वतःला हवं आहे.

खडूफळा

बाळा, असंच विचारत राहा.

जुन्या नियमांनी हिशोब केला तर हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन एका सेकंदाच्या दहा हजार कोटीव्या भागाच्या आसपास कोसळतो. बोर यांनी १९१३ साली कोसळण्याला मनाई केली, पण मनाईचं कारण त्यांच्याकडे नव्हतं. ते पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मिळालं, आणि त्यासाठी कक्षेचं चित्रच मनातून काढावं लागतं.

इलेक्ट्रॉनला तरंगासारखी वागणूक आहे. १९२७ साली डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉन सोडले तेव्हा ते काही ठरावीक कोनांतच जास्त परतले, क्ष-किरण परततात तसे. त्याच वर्षी जे. जे. थॉमसन यांचे चिरंजीव जी. पी. थॉमसन यांनी पातळ पापुद्र्यांतून इलेक्ट्रॉन पाठवून वर्तुळं मिळवली. वडिलांना १९०६ चं नोबेल, मुलाला डेव्हिसन यांच्याबरोबर १९३७ चं.

आता तरंग लहान जागेत कोंडायचा तर त्याची लांबी आखूड करावी लागते. लांबी आखूड म्हणजे संवेग (वस्तुमान गुणिले वेग) जास्त, म्हणजे गतिज ऊर्जा जास्त. इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जवळ आणावा तशी आकर्षणाची ऊर्जा खाली जाते, पण अंतराच्या व्यस्त प्रमाणात. गतिज ऊर्जा वर चढते ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. अंतर निम्मं केलं तर फायदा दुप्पट आणि खर्च चौपट. कुठेतरी दोन्ही मिळून ऊर्जा सर्वांत कमी होते. ते अंतर ०.५३ अँगस्ट्रॉम आणि तिथली ऊर्जा उणे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. याच्या खाली अवस्थाच नाही, मग कोसळणार कुठे? वहीत दोन आलेख काढून बेरीज करून बघ, तळ आपोआप दिसेल.

प्रयोगवही

तरंगाबद्दल थोडी भर. मी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करते. आमच्या यंत्रात १०० किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे ३.७ पिकोमीटर असते, हिरव्या प्रकाशाच्या लाखाव्या भागाहूनही कमी. म्हणून अणूंच्या रांगा दिसतात. १९८९ साली जपानमध्ये तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी अशाच यंत्रात इलेक्ट्रॉनांचा झोत इतका क्षीण केला की एका वेळी यंत्रात एकच इलेक्ट्रॉन असावा, आणि त्याच्यापुढे पडद्यापर्यंत जायच्या दोन वाटा ठेवल्या. पडद्यावर एकेक ठिपका उमटत गेला. थोड्या ठिपक्यांत काहीच आकार दिसत नव्हता, हजारो साठल्यावर व्यतिकरणाच्या, म्हणजे दोन तरंग एकमेकांत मिसळल्यावर उमटतात तशा, पट्ट्या उभ्या राहिल्या. म्हणजे पट्ट्या काही इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून आलेल्या नव्हत्या, प्रत्येकाचा तरंग एकट्यानेच दोन्ही वाटांनी गेला होता. नव्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी ती चित्रं दाखवते.

निर्मळवारा

एक सांगा, अणू ९९.९९ टक्के रिकामा असतो असं सगळीकडे वाचते. मग टेबलावर हात ठेवला की तो आरपार का जात नाही? प्रभार एकमेकांना ढकलतात म्हणून?

कातळशिल्प

ताई, "रिकामा" हा शब्द इलेक्ट्रॉनला ठिपका मानून आलेला आहे. इलेक्ट्रॉनचा तरंग अणूची सगळी जागा व्यापतो. ढकलणं हा उत्तराचा एक भाग. पण प्रत्येक अणू एकूण उदासीन असतो, तेव्हा फक्त प्रभारांवर सगळं भागत नाही. १९६७ साली डायसन आणि लेनार्ड यांनी गणिताने सिद्ध केलं की पाउलीचा नियम धरला तर पदार्थ स्थिर राहतो. पुढे हेही दाखवलं गेलं की तो नियम काढला तर पदार्थ स्वतःत कोसळत जाईल. तुमच्या हाताच्या इलेक्ट्रॉनांना टेबलाच्या इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या अवस्थांत शिरता येत नाही. सर म्हणतात ते एकसारखेपण तुम्ही रोज हाताने चाचपता.

आकाशदर्शी

याचंच मोठं रूप आकाशात आहे. व्याधाचा जोडीदार हा श्वेतबटू, वस्तुमान जवळपास सूर्याएवढं आणि आकार साधारण पृथ्वीएवढा. आतलं इंधन संपलेलं. त्याला कोसळण्यापासून धरून ठेवतात ते इलेक्ट्रॉन, पाउलीच्या नियमाने. १९३० साली मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघालेल्या १९ वर्षांच्या चंद्रशेखर यांनी प्रवासातच हिशोब केला. तारा जड होत गेला की आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातो आणि आधार कमी पडू लागतो. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाच्या पुढे इलेक्ट्रॉन तारा पेलू शकत नाहीत. १९८३ चं नोबेल त्यांना मिळालं त्यामागे हे कामही होतं.

प्रयोगवही

आणि होमी भाभा! त्यांनी १९३६ साली इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धन प्रभाराचा प्रतिकण) यांच्या टकरीचं गणित प्रसिद्ध केलं. प्रश्न सरांच्याच धाग्यातला होता: डिरॅकच्या सिद्धांतात पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या समुद्रातली रिकामी जागा. मग दोन एकसारख्या कणांत होणाऱ्या अदलाबदलीचा परिणाम इथेही दिसेल का? भाभांचं उत्तर होतं, दिसेल, कारण दोघे नष्ट होऊन पुन्हा निर्माण होण्याची वाटही हिशोबात धरावी लागते. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या एलईपी या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या यंत्रात १९८९ ते २००० या काळात टकरींचा दर किती हे या भाभा विकिरणावरूनच मोजत.

बारावी_ब

सर, एकसारखे आहेत हे तपासलंय का कुणी? म्हणजे एखादाच इलेक्ट्रॉन कुठेतरी किंचित वेगळा असला तर?

प्रयोगवही

तपासतात, आणि त्यातला एक प्रयोग तारमास्तरांना आवडेल, कारण तो तांब्यातून करंट सोडून होतो. १९९० साली रॅमबर्ग आणि स्नो यांनी तो केला. पुढे इटलीत ग्रान सासो डोंगराच्या पोटातल्या प्रयोगशाळेत व्हीआयपी नावाच्या प्रयोगाने तो फार बारकाईने केला.

तांब्याच्या अणूत सर्वांत आतली पातळी दोन इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते. करंट सोडला की बाहेरून नवे इलेक्ट्रॉन तांब्यात येतात. त्यांतला एखादा जरी जुन्यांहून वेगळा निघाला, तर पाउलीचा नियम त्याला लागू नसेल आणि तो भरलेल्या पातळीत तिसरा म्हणून उतरेल. उतरताना क्ष-किरण सोडेल. तांब्याचा नेहमीचा क्ष-किरण ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, आणि हा बेकायदा त्याहून थोडा कमी, ७.७ च्या आसपासचा असेल. डोंगराखाली जायचं ते विश्वकिरणांचा त्रास टाळायला. मग करंट चालू असताना आणि बंद असताना ७.७ पाशी काही जास्त दिसतं का हे महिनोन् महिने पाहायचं. आजवर जास्त काही दिसलेलं नाही.

दुसऱ्या बाजूने एकेका इलेक्ट्रॉनचं मोजमापही होतं. एकच इलेक्ट्रॉन विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या सापळ्यात धरून ठेवून त्याच्या चुंबकत्वाची ताकद २०२३ साली अमेरिकेत १.००११५९६५२१८०५९ इतकी मोजली गेली, ठरावीक एककात. १ च्या पुढचं जे शेपूट आहे त्यातला मुख्य भाग श्विंगर यांनी १९४८ सालीच गणिताने काढून दाखवला होता.

बारावी_ब

थँक्यू ताई. शेवटचा प्रश्न. प्रोटॉन इतका जड आणि आत क्वार्क असलेला, तरी त्याचा प्रभार इलेक्ट्रॉनइतकाच कसा काय?

खडूफळा

मोजमाप सांगते की दोघांच्या प्रभारांत फरक असलाच तर तो १० च्या २१ व्या घातातल्या एका भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. जरा जरी जास्त असता तर उदासीन समजलेल्या वायूंना प्रभार आला असता आणि तो पकडता आला असता. असं का, याचं सर्वांना पटलेलं उत्तर अजून नाही. आजच्या सिद्धांतात क्वार्कांचे आणि इलेक्ट्रॉनचे प्रभार एकमेकांशी जुळलेच पाहिजेत, नाहीतर सिद्धांतच विसंगत होतो, इथवर समजलं आहे. दोघांना एकाच कुटुंबात बसवणारे सिद्धांत आहेत, पण ते सांगतात तसा प्रोटॉन मोडताना अजून कुणी पाहिलेला नाही. पदवीला भौतिकशास्त्र घेणार असशील तर मला व्यक्तिगत संदेश पाठव, काय वाचायचं ते क्रमाने सांगतो.